मॅन्युअल फोर बाय फोर बुक केली, आता शोरूमवाला म्हणतो ऑटोमॅटिक घेऊन जा. काय करावं?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही अंबाजोगाईकडचे, शेत डांबरी सोडून बरंच आत, शेवटचा तुकडा सगळा काळ्या मातीचा, घरी जुनी बोलेरो आहे. महिंद्राची थार रॉक्स डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी) लातूरच्या एका शोरूमला २१ हजार भरून बुक केली आणि आता सेल्सवाला सांगायलाय की मॅन्युअल फोर बाय फोरचं काही खरं नाही, यार्डात ऑटोमॅटिक उभी आहे ती घ्या, मॅन्युअलच पाहिजे असंल तर मागच्या चाकाची (टू व्हील, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना जोर) घ्या, आपल्याकडं फोर बाय फोर लागतंय कुठं. आणि तुम्ही विचारायलेत की थांबू, कॅन्सल करू का सरळ पुण्याला जाऊ. शेवटी टायरचं पण विचारलंय.

मी शोरूमच्या टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसलोय, आता अशाच गाड्यांची कामं करतो आणि ओळखीचं कुणी गाडी घेत असंल तर डिलिव्हरीला सोबत जातो, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकतो.

थांबायचं का नाही हे नंतर ठरवू. आधी हे बघा की तुमच्या २१ हजाराची ऑर्डर झाली आहे का नुसती पावती फाटली आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक गिऱ्हाइकांना हा फरक कुणी सांगतच नाही.

डीलरचं गणित असं असतं. तो कंपनीकडून गाडी घेतो ती बहुतेक वेळा बँकेच्या पैशावर, आणि गाडी यार्डात उभी राहिली की रोजचं व्याज त्याच्या अंगावर. त्यामुळं दर महिन्याला तो मागवतो काय, तर जे चालतं ते. पांढरी, काळी, ऑटोमॅटिक, नाहीतर स्वस्तातली टू व्हील. मॅन्युअल फोर बाय फोर डिझेल घेणारा महिन्यात एखादा येणार, आणि ऐनवेळी त्यानं नाही म्हणलं तर ती गाडी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारणं लई अवघड. म्हणून अंदाजानं ती गाडी तो कधीच मागवत नाही, पक्कं गिऱ्हाईक दिसलं तरच मागवतो. आता २१ हजार भरलेला माणूस त्याच्या लेखी पक्का असतो का, तर नाही. असे भरपूर येतात, दोन ठिकाणी बुक करतात, जिथं आधी मिळंल तिथून घेतात. रॉक्सचं बुकिंग ३ ऑक्टोबर २०२४ ला उघडलं तेव्हा पहिल्या एका तासात पावणेदोन लाखाच्या वर बुकिंग झाली होती, त्यातली सगळी काही रस्त्यावर आली नसणार हे डीलरला पण कळतं.

म्हणजे सेल्सवाला खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. त्याला महिन्याचं टार्गेट आहे, यार्डातली गाडी गेली तर त्याचा इन्सेन्टिव्ह या महिन्यात, तुमची ऑर्डर आली तर कधीतरी पुढं, आणि तोवर तो त्या शोरूमला राहील का नाही ते पण माहीत नाही. म्हणून तो तुम्हाला त्या बाजूला ढकलणारच, मी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता पक्कं गिऱ्हाईक कसं दिसायचं. सेल्सवाल्याशी वाद घालत बसू नका, सेल्स मॅनेजरला भेटा आणि सोबत लोनचं सँक्शन लेटर घेऊन जा. शेतीवर लोन असंल तर सातबारा, आठ-अ, बँक स्टेटमेंट हे सगळं आधीच बँकेत देऊन सँक्शन करून ठेवा. पॅन, आधार ज्याच्या नावावर गाडी त्याचंच द्या. आणि म्हणा की मला फक्त हीच गाडी पाहिजे, रंग पहिला हा, नाहीच मिळाला तर दुसरा हा, गाडी लागली की आठ दिवसात पूर्ण पैसे. दुसरा रंग सांगणं लई कामाचं आहे बरं का. कितीतरी वेळा व्हेरियंट मिळतो आणि अडून राहतं ते रंगापायी.

मग त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या. एक, बुकिंगच्या कागदावर पूर्ण व्हेरियंट, म्हणजे मॉडेल, ट्रिम, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर, रंग, सगळं. नुसतं ‘थार रॉक्स डिझेल’ लिहिलेली पावती मी लई बघितल्यात, त्या कागदावर उद्या काहीही देता येतं. दोन, कंपनीच्या सिस्टिममधला ऑर्डर नंबर. डीलरच्या पावतीचा नंबर वेगळा आणि कंपनीकडं गेलेल्या ऑर्डरचा वेगळा. तो नंबर मिळाला की कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावून विचारा की या नंबरवर कुठला व्हेरियंट दिसतोय. मॅनेजर नंबर द्यायला टाळाटाळ करायला लागला तर समजा की तुमची ऑर्डर अजून त्याच्या वहीतच आहे.

व्हेरियंटचं एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. रॉक्स १५ ऑगस्ट २०२४ ला आली तेव्हाच फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये ठेवली, पेट्रोलला नाहीच. आणि डिझेलमध्येही मधल्या एएक्स ५ एल ला फोर बाय फोर होती ती फक्त ऑटोमॅटिक. मॅन्युअलसोबत फोर बाय फोर हवी तर खालची एमएक्स ५ नाहीतर एकदम वरची एएक्स ७ एल. म्हणजे ‘मधलं व्हेरियंट, मॅन्युअल, फोर बाय फोर’ असं कुणी बुकिंग घेतलं असंल तर ती गाडी तेव्हा कारखान्यात बनतच नव्हती. कंपन्या व्हेरियंट बदलत राहतात, म्हणून आजचं ब्रोशर समोर ठेवून त्यावरच बोट ठेवायचं. तसंच छोट्या तीन दरवाजाच्या थारचं. तिचं १.५ लिटर डिझेल मॅन्युअलच येतं आणि स्वस्तही पडतं, पण ती मागच्या चाकाची आहे. लोक बाहेरून थार बघतात आणि घरी नेल्यावर फोर बाय फोरचा लिव्हर शोधत बसतात, हे चेष्टेनं नाही सांगत.

फोर बाय फोर लागतंय कुठं, या प्रश्नाला माझं उत्तर परिस्थितीवर आहे. तुमचं जाणं-येणं अंबाजोगाई-लातूर आणि फार तर वर्षातून दोनदा माहूरगड असं असतं तर मीच म्हणलो असतो की टू व्हील घ्या आणि पैसे वाचवा. पण तुम्ही म्हणताय पावसाळ्यात रोज शेतात जायचंय. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की चार-पाच फेऱ्यात टायर गुळगुळीत होतो. तिथं इंजिनाची ताकद काही कामाची नाही, पकड पाहिजे. मागच्या दोनच चाकांवर जोर असला की ती दोन्ही जागेवर फिरून खड्डा करतात आणि गाडी पोटावर बसते, मग ट्रॅक्टर बोलवा. चारही चाकं ओढत असली की तोच जोर वाटला जातो. नेहमी निघंलच असं नाही, जुलैतल्या वावरात फोर बाय फोर पण बसते, फक्त जरा पुढं जाऊन बसते. पण बांधावरचा रस्ता, नाला, घसरडा चढ, एवढ्यासाठी फरक मोठा आहे. तुमच्या वापराला मी फोर बाय फोरच म्हणंन.

मॅन्युअल का ऑटोमॅटिक यात मात्र मी तुमच्याएवढा कट्टर नाही. चिखलात नवशिक्याला ऑटोमॅटिक सोपी जाते, कारण पाय एकसारखा ठेवला की गाडी न झटकता जाते. मॅन्युअलवाले घाबरून अर्ध्यात क्लच दाबतात, चाक सुटतं आणि संपलं. वर अर्धा क्लच ठेवून रेस देत बसले की अर्ध्या तासात क्लच प्लेटचा वास सुटतो, आणि क्लच काही वॉरंटीत येत नाही बहुतेक वेळा. मॅन्युअल चालवायची रीत अशी की चिखलात शिरायच्या आधीच लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा फोर बाय फोरचा जोड) टाकायची, दुसरा गिअर, आणि मग क्लचला पाय लावायचाच नाही बाहेर निघेपर्यंत. हे ज्याला जमतं त्याला मॅन्युअल बेस्ट. उतारावर तर मॅन्युअलचा हात कुणी धरत नाही. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये दोन्ही पाय उचलून ठेवले तरी गाडी इंजिनावर हळूहळू उतरते, ब्रेक तापत नाहीत, चाक जाम होऊन घसरत नाही. तुम्ही एवढी वर्षं बोलेरो चालवलीय, गावातल्या कुठल्याही मेकॅनिकला गिअरबॉक्स कळतो, तुम्हाला मॅन्युअल शोभते. पण घरात अजून कोण चालवणार, गुडघ्याचं काही आहे का, रोज लातूर शहरात गर्दीत फिरायचंय का, हे तुमचं तुम्हाला माहीत.

एक गोष्ट नक्की करा, पैसे भरायच्या आधी मॅन्युअलच चालवून बघा. शोरूमची टेस्ट ड्राइव्हची गाडी जवळपास सगळीकडं ऑटोमॅटिक असते, त्यावर बसून लोक मॅन्युअल बुक करतात. क्लच किती जड आहे, डाव्या पायाला ठेवायला जागा पुरते का, गिअर टाकताना कोपर कुठं लागतं, हे ब्रोशरमध्ये नसतं. शोरूमला म्हणा तुमच्या एखाद्या मॅन्युअलवाल्या गिऱ्हाइकाशी गाठ घालून द्या. नाही घातली तर स्वतः शोधा, आपल्याकडं कुणी नाही म्हणत नाही.

आणि रांग अगदीच लांब निघाली तर हट्टानं एकाच गाडीला धरून बसू नका. फोर्स गुरखा मॅन्युअलशिवाय मिळतच नाही, २.६ लिटर डिझेल, १४० पीएस, पुढच्या मागच्या दोन्ही डिफरेन्शियलला लॉक, म्हणजे एक चाक जागेवर फिरलं तरी दुसऱ्याला जोर जातो. चिखलात ती गाडी वेगळीच आहे, पण हायवेवर आरामाची अपेक्षा ठेवू नका आणि सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती लांब पडतं ते आधी बघा. मारुतीची जिम्नी पेट्रोल आहे, १०५ पीएस, प्रत्येक व्हेरियंटला फोर बाय फोर आणि लो रेंज, पाच गिअरची मॅन्युअल. हलकी असल्यामुळं ओल्या वावरात भारी गाडीपेक्षा बरी जाते, पण पाच माणसं आणि खताची पोती म्हणाल तर नाही. स्कॉर्पिओ एन मध्ये पण डिझेल मॅन्युअल फोर बाय फोर आहे, तिलाही हीच सगळी ऑर्डरची कथा लागू.

आता पैशाचं. कारखान्यातून मागवलेल्या मॅन्युअलवर मोठा डिस्काउंट मिळंल ही आशा सोडा. डिस्काउंट असतो तो यार्डात उभ्या गाडीवर, डिसेंबरात, नाहीतर पितृपक्षात जेव्हा शोरूममध्ये माश्या मारत बसतात तेव्हा. तुमचं वाचणार ते इतर खात्यावर. १६ लाख एक्स-शोरूमची डिझेल गाडी धरली तर आपल्याकडं १० ते २० लाखाच्या डिझेलला रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे २ लाख २४ हजार, यात कुणीच काही करू शकत नाही. २० लाखाच्या वर गेली की १५ टक्के. कंपनीच्या नावावर घेतली तर सरळ २० टक्के, म्हणून कुणी सीए म्हणला की फर्मच्या नावावर घ्या तर आधी हे गणित मांडा. १० लाखाच्या वरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विकणाराच आधी घेऊन भरतो तो इन्कम टॅक्स) कापतात, १६ लाखाला साधारण १६ हजार. हे तुमचेच पैसे आहेत, तुमच्या पॅनवर जमा दिसतात, पण परत पाहिजे तर रिटर्न भरावं लागतं. शेतीचं उत्पन्न म्हणून आपल्यातले लई जण रिटर्न भरतच नाहीत आणि ते पैसे तसेच राहतात. पॅन दिलं नाही तर टीसीएस आणखी जास्त कापतात.

कोटेशनमध्ये हँडलिंग, लॉजिस्टिक्स, ‘एसेन्शियल किट’ असलं काही दिसलं तर त्यावर लाल पेन मारा. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्येच धरलेला असतो. फूटमॅट, सीटकव्हर, मडफ्लॅप बाहेर निम्म्यात होतात. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्या अशी सक्ती नाही, बाहेरून कोटेशन आणा आणि त्याच्यासमोर ठेवा, बघा कसा खाली येतो. तुलना करताना आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) सारखीच आहे ना ते बघा, नाहीतर आयडीव्ही पाडून प्रीमियम कमी दाखवतात. नव्या गाडीला थर्ड पार्टी ३ वर्षांचं लागतंच. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घट न कापणारं) घ्या, आणि इंजिन प्रोटेक्ट सोडू नका. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, सिंदफणा, गोदावरी कशी आली होती ते तुम्ही बघितलंय. इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांचा साध्या पॉलिसीत क्लेम बसवायला लोकांच्या नाकी नऊ येतात.

किंमत बुकिंगच्या दिवशीची लागते असं समजू नका, बिल फाटतं त्या दिवशीची लागते. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला तेव्हा आधी बुक करून थांबलेल्यांना त्याचा फायदा झाला, उलटं झालं तर तोटाही तुमचाच. आणि बँकेचं डिसबर्समेंट चेसिस नंबर हातात आल्याशिवाय होऊ देऊ नका. डीलर म्हणतो पैसे टाका म्हणजे गाडी लवकर लागते, बँक प्रोफॉर्मावर पैसे सोडते, गाडी येते दोन महिन्यांनी आणि हप्ता चालू झालेला असतो.

गाडी आली की पासिंगच्या आधी बघायची. पासिंग झाली की ती तुमची, मग काचेला चरा निघाला तरी तुम्ही आणि तुमचं नशीब. दुपारच्या उजेडात जा, धनत्रयोदशीच्या गर्दीत नको. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी एकाच सुमाराची पाहिजे. चेसिस नंबर कागदाशी ताडा, त्यातलं दहावं अक्षर बहुतेक कंपन्यांच्या गाडीत वर्षाचं असतं, २०२५ ला इंग्रजीतला एस, २०२६ ला टी. फॉर्म २१ वर (डीलर देतो तो विक्रीचा दाखला) बनल्याचा महिना-वर्ष लिहिलेलं असतं, तेही बघा. दुसऱ्या डीलरकडून बदलून आणलेली असंल तर किलोमीटर बघा, ट्रेलरवर आली का चालवत आणली ते विचारा. यार्डात उन्हाळाभर उभी असलेली असंल तर बॉनेट उघडून उंदरानं वायरी कुरतडल्यात का ते टॉर्च मारून बघा, हे आपल्याकडं जास्तच होतं.

आणि जे कुणी करत नाही ते करा, यार्डातल्या कच्च्या जागेवर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर लो (लो रेंज) दोन्ही टाकून गाडी दहा-वीस फूट पुढं-मागं घ्या. डॅशवर दिवा स्थिर लागला पाहिजे, लो मध्ये आवाज बदलतो ते ठीक, पण कटकट आवाज नको. परत टू हाय ला (मागची दोनच चाकं) आली पाहिजे, अडकून राहता कामा नये. हे डांबरावर किंवा काँक्रीटवर करू नका, अशा पार्ट टाइम सिस्टिममध्ये पुढचे-मागचे शाफ्ट बांधलेले असतात, कडक जमिनीवर वळताना ताण येतो आणि नवी गाडी पहिल्याच दिवशी झटके द्यायला लागली म्हणून तुम्ही उगीच घाबराल. मग खाली वाकून ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा डबा) आणि मागच्या डिफरेन्शियलला ओलं दिसतंय का बघा. चड्डी मळली तरी चालंल.

पुण्याचं म्हणाल तर जायला हरकत काहीच नाही, तिथं खप जास्त म्हणून एखादी मॅन्युअल लवकर सापडू शकते. टेम्पररीवर आणून आपल्या पत्त्यावर एमएच ४४ ला पासिंग करता येतं, वॉरंटी कंपनीची असते, त्यामुळं सर्व्हिस लातूरलाच करा. पण फोनवरच्या ‘सर, रेडी स्टॉक आहे’ वर गाडीभाडं घालवू नका, आधी चेसिस नंबर आणि गाडीचा फोटो मागवा.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात सँक्शन लेटर घेऊन लातूरला मॅनेजरकडं गेलो असतो, ऑर्डर नंबर मागितला असता आणि अंदाजे महिना लिहून घेतला असता. नंबर मिळाला तर थांबलो असतो, बोलेरो चालू आहे, घाई कशाची. नंबर मिळालाच नाही तर पंधरा दिवसांनी लेखी कॅन्सल करून, बुकिंग फॉर्मच्या मागं लिहिलेल्या नियमाप्रमाणं पैसे मागून, संभाजीनगर आणि पुणे दोन्हीकडं चौकशी केली असती. फक्त एकाच नावावर दोन ठिकाणी बुकिंग ठेवू नका, तुमच्या नावावर आधीच चालू बुकिंग दिसलं की दुसरा डीलर पण तुम्हाला हवेतला माणूस समजतो.

टायरचं. मड टेरेन (चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर) शोरूममधून टाकून घेऊ नका. कंपनीच्या मापापेक्षा मोठे टायर, लिफ्ट किट, पुढं लोखंडी गार्ड हे सगळं क्लेमच्या वेळी अंगावर येतं. गार्डला तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राचीच मनाई आहे. कंपनीचेच टायर एक पावसाळा चालवा, चिखलात शिरताना हवा १८-२० पीएसआय पर्यंत उतरवा आणि डांबरीला लागायच्या आत परत भरा, त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवा. त्यावर भागलं नाही तर पुढच्या जूनच्या आधी त्याच मापाचे मड टेरेन बघू, तेव्हा लिहा, कुठला चांगला ते सांगतो.